मनातली अढी सोडताना: ख्रिस्ती क्षमेचा सराव, पायरी पायरीने

‘प्रभू, मी सगळ्यांना क्षमा केली,’ अशी प्रार्थना करून उठावं आणि संध्याकाळी त्याच माणसाचा फोन आला की पोटात गोळा यावा, असं अनेकांचं होतं. मग वाटतं, आपला विश्वासच कमी पडतोय. बहुतेक वेळा विश्वास ठीक असतो, पण क्षमा मोघम असते. कुणाला, कशाबद्दल, किती, यातलं काहीच न ठरवता सोडून दिलेली गोष्ट सुटत नाही, नुसती दबते. म्हणून या लेखातली पद्धत आधी देणं, म्हणजे समोरच्यामुळे आपलं जे गेलं ते, मोजायला सांगते आणि मग ते सोडायला. नुकतेच विश्वासात आलेले असाल किंवा वर्षानुवर्षं चर्चला जाऊनही एका माणसापाशी येऊन अडकत असाल, तरी सुरुवात इथूनच करा.

साहित्य फार लागत नाही: एक वही, बायबल, कुणी मध्ये येणार नाही असा अर्धा तास आणि तोंड बंद ठेवू शकणारी एक व्यक्ती. ही व्यक्ती पाळक (पास्टर), फादर, सिस्टर किंवा मंडळीतली, म्हणजे चर्चच्या सभासदांतली, एखादी वडीलधारी बाई असू शकते. फक्त तिचा त्या भांडणाशी संबंध नसावा. आपली बाजू घेऊन आपल्याहून जास्त चिडणारी बहीण किंवा मित्र या कामाला चालत नाही.

सर्वांत आधी: अन्याय संपलाय की अजून चालू आहे?

हा प्रश्न सोडून पुढे जाऊ नका. नवरा मारतोय, सासरी छळ चालू आहे, घरातलाच कोणी मुलीला त्रास देतोय, अशा वेळी पहिलं काम जीव वाचवण्याचं. सुरक्षित जागी जा, ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर फोन करा. मुलांसाठी १०९८ आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५चा कायदा ख्रिस्ती घरांनाही लागू आहे. लहान मुलाचं लैंगिक शोषण झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आपण मंडळीतच मिटवू, क्षमा करून टाकू’ असं म्हणून ते झाकणं हा गुन्हा ठरतो. ‘क्षमा कर आणि परत घरी जा’ असा सल्ला चर्चमधून मिळाला तरी त्यातला दुसरा भाग पाळायची सक्ती पवित्र शास्त्रात कुठेही नाही. बायबलमधल्या कथेत शौल राजा भाला घेऊन मागे लागला तेव्हा दाविदाने त्याच्यावर हात उचलला नाही, पण तो त्याच्या जेवणाच्या मेजावरही परतला नाही. रानावनात राहिला आणि अंतर राखलं.

क्षमेचं काम सुरक्षित जागी पोहोचल्यावरही करता येतं. त्याला उशीर होत नाही.

पायरी १: एक माणूस, एक प्रसंग

सुरुवात आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या जखमेपासून करू नका. ज्या गोष्टीमुळे दिवस खराब होतो पण झोप उडत नाही, अशी मधल्या वजनाची गोष्ट घ्या: ऑफिसात आपल्या कामाचं श्रेय लाटणारा सहकारी, साखरपुड्याला मुद्दाम न बोलावणारी नणंद, मंडळीच्या सभेत चारचौघांत पाणउतारा करणारे सेक्रेटरी. ‘सासरच्या लोकांनी मला छळलं’ हा विषय एका बैठकीचा नाही. त्यात दहा माणसं आणि पन्नास प्रसंग असतात. त्यातला एक माणूस आणि एक दिवस उचला.

पायरी २: देणं लिहून काढा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि लोक नेमकी हीच गाळतात. ‘ख्रिस्ती माणसाने अपकार लिहून ठेवायचे नसतात’ असं वाटतं. प्रेषित पौल आपल्या पत्रात सांगतो ते खरंच आहे: प्रीती अपकार स्मरत नाही. पण आपण लिहितोय ते जपून ठेवायला नव्हे. जे कधी मांडलंच नाही, ते सोडणार कसं?

पानावर चार रकाने करा: काय घडलं, माझं काय गेलं, त्यावर मी काय केलं, आणि त्याच्याकडून मला अजून काय हवंय. समजा थोरल्या भावाशी अबोला आहे. कच्चं पान बहुतेक वेळा असं असतं: ‘दादा स्वार्थी आहे, त्याला कुणाची पर्वा नाही.’ हा झाला शेरा. शेऱ्याला क्षमा करता येत नाही. तेच पान नीट लिहिलं की असं दिसतं:

‘आईच्या ऑपरेशनला निम्मे पैसे देतो म्हणाला. ॲडमिशनच्या दिवशी सकाळपासून फोन उचलला नाही. मी बांगड्या गहाण ठेवल्या. आई बरी झाल्यावर मामांना सांगितलं, खर्च मीच केला. माझं काय गेलं: पैसे, बांगड्या, मामांच्या नजरेतली किंमत, आणि अडचणीला दादा आहे हा भरवसा. मी काय केलं: दोन वर्षं बोलले नाही, त्याच्या मुलीच्या दहावीच्या निकालाला फोन केला नाही, वहिनीबद्दल माहेरी वाटेल ते बोलले. मला काय हवंय: पैसे परत, आणि त्याने मामांसमोर खरं सांगावं.’

आता काम करण्याजोगं काहीतरी हातात आलं. पैसे ही वेगळी गोष्ट आहे, खोटं बोलणं वेगळी, आणि भरवसा तुटणं त्याहून वेगळी. बऱ्याचदा लिहिताना कळतं की पैशांचं दुःख कधीच ओसरलंय, सलतंय ते मामांसमोरचं खोटं. तिसरा रकाना लिहायला जड जातो, पण तो गाळू नका. त्यात स्वतःला दोषी ठरवायचं नाही. दादाचं वागणं त्यामुळे बरोबर ठरत नाही. फक्त आपल्या बाजूने काय जमा झालंय ते दिसतं.

अर्ध्या तासात पान पूर्ण झालं नाही तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुढे लिहा. हात थरथरायला लागले, छाती भरून आली, जुना प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडतोय असं वाटलं, तर एकट्याने पुढे जाऊ नका. अशा आठवणींसाठी समुपदेशक लागतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं. समुपदेशकाकडे जाण्याने प्रार्थनेचा अपमान होत नाही.

पायरी ३: राग देवापुढे मोकळा करा

क्षमा करणाऱ्याने रागवायचंच नाही, हा समज मंडळ्यांमध्ये घट्ट रुजलाय. स्तोत्रसंहिता वाचली तर तो टिकत नाही. ५५व्या स्तोत्रात जवळच्या मित्राने दगा दिल्याचं दुःख आहे: शत्रूने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण हा तर माझ्यासोबत देवाच्या घरी जाणारा. १०९व्या स्तोत्रात तर थेट शाप आहेत. ही स्तोत्रं उपासनेच्या पुस्तकात आहेत, कारण हा राग देवाच्या कानावर घालायचा असतो, नात्यागोत्यात वाटायचा नसतो.

लिहिलेलं पान मोठ्याने वाचा. घरात माणसं असतील तर गच्चीवर जा, नाहीतर रिकाम्या चर्चमध्ये. मग ५५वं स्तोत्र वाचा. रडू आलं तर येऊ द्या. सभ्य भाषेची गरज नाही. देवाला तुमच्या मनातलं आधीच ठाऊक आहे.

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं ‘सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा’ हे वचन इथे पुष्कळांना अडचणीत टाकतं. त्याचा अर्थ मध्यरात्रीपर्यंत भांडण ओढून ते निकाली काढायचं, असा घेतला तर नवरा-बायको रात्री दोन वाजता जे बोलायचं नाही तेच बोलून बसतात. रात्री करायचं ते एवढंच: रागाला रात्रभर खतपाणी घालायचं नाही असं ठरवा आणि बोलायची वेळ नक्की करा. ‘उद्या संध्याकाळी चहानंतर बोलू’ म्हणा, आणि उद्या खरोखर बोला.

पायरी ४: आपलं स्वतःचं खातं उघडा

इथे ख्रिस्ती क्षमा इतर सल्ल्यांपासून वेगळी होते. ‘राग धरला तर तुमचंच ब्लडप्रेशर वाढेल’ हे खरं असेलही, पण येशूने दिलेलं कारण ते नाही. मत्तय १८मध्ये येशूचा शिष्य पेत्र विचारतो, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तरात येशू साताच्या सत्तर वेळा असं सांगतो आणि लगेच एका चाकराचा दृष्टांत देतो. त्याने राजाला दहा हजार तालांत देणं होतं. त्याच्या सोबत्याने त्याला शंभर दिनार देणं होतं.

हे आकडे मोजून पाहण्यासारखे आहेत. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दिनार. म्हणजे राजाचं देणं झालं सहा कोटी दिवसांचं. वर्षाला तीनशे दिवस राबलं तरी दोन लाख वर्षं. चाकर राजाला म्हणतो, ‘मला वागवून घ्या, सगळं फेडतो.’ दोन लाख वर्षांची मजुरी तो फेडणार होता!

उपदेशात सहसा इथे थांबतात. पण दुसरा आकडाही बघा. शंभर दिनार म्हणजे महिन्याला पंचवीस दिवस धरले तर चार महिन्यांची मजुरी. ही रक्कम किरकोळ नाही. चार महिन्यांचा पगार कुणी बुडवला तर घर हलतं. तुमचं नुकसान काहीच नाही, असं येशू कुठेच म्हणत नाही. तो ते नुकसान मान्य करतो आणि त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवतो.

म्हणून दुसऱ्या पानावर आपल्याला ज्याची क्षमा मिळाली ते लिहा. तेही मोघम नको. ‘मी पापी आहे’ असं लिहिणं सोपं आहे. आईवडिलांशी बोललेलं खोटं, कुणाचा मोडलेला विश्वास, कुणाला कळलंच नाही अशी चोरी, असं नेमकं लिहा. मग वधस्तंभाची कथा लूक २३मधून सावकाश वाचा, ३४व्या वचनापाशी थांबा: ‘हे बापा, त्यांना क्षमा कर.’ दोन्ही पानं शेजारी ठेवा.

एक जपायचं आहे. ज्याला लहानपणापासून ‘चूक तुझीच’ असंच ऐकवलं गेलं, किंवा ज्याचं शोषण झालं, त्याने ही पायरी एकट्याने करू नये. अशा माणसाच्या दुसऱ्या पानावर दुसऱ्याचाच गुन्हा येऊन बसतो. ज्याच्यावर अत्याचार झाला, त्याच्यावर त्या अत्याचाराचं कसलंही देणं नाही. विश्वासातल्या माणसाला शेजारी बसवून हे पान त्याला वाचून दाखवावं.

पायरी ५: नावानिशी सोडून द्या

आता प्रार्थना. ती बोलून करा, मनातल्या मनात नको. शब्द साधे असू द्या:

‘प्रभू येशू, दादाने पैसे देतो म्हणून दिले नाहीत, आणि मामांसमोर खोटं सांगितलं. यामुळे माझे पैसे गेले, बांगड्या गेल्या आणि त्याच्यावरचा भरवसा गेला. हे वाईट होतं. तू माझं सगळं देणं माफ केलंस, म्हणून मी हे देणं तुझ्या हाती देते. मी त्याचा सूड घेणार नाही. न्याय तू कर. मला अजून राग येतो. तो तू सांभाळ. आमेन.’

‘हे वाईट होतं’ हे वाक्य गाळू नका. ‘जाऊ दे, त्याचंही काही कारण असेल’ असं म्हटलं की ती सबब झाली. जिथे सबब पुरते तिथे क्षमेची गरजच नसते.

या प्रार्थनेत नक्की काय सोडलं जातं? उट्टं काढायचा हक्क. तो प्रसंग मनात रोज उगाळायचा हक्क. चारचौघांत त्याला उघडं पाडायचा हक्क. शेवटचा सोडणं सगळ्यात अवघड. लग्नकार्यात वहिनीचा विषय निघाला की जीभ वळवळते. तिथे गप्प राहणं म्हणजे ही प्रार्थना पाळणं. आणि काय सोडलं जात नाही? खरं बोलण्याचा अधिकार, कायद्याचा आधार आणि सावधपणा. उसने दिलेले पैसे परत मागायला हरकत नाही. मागायचे नसतील तर तेही वेगळं ठरवा आणि पानावर तसं लिहा. ‘क्षमा केली’ म्हणून पैशांचं गुळमुळीत ठेवलं तर दर दिवाळीला आणि नाताळला तेच भांडण नव्याने उगवतं.

त्या माणसाला लगेच फोन करून ‘मी तुला क्षमा केली’ असं सांगू नका. नवख्यांची ही सगळ्यात नेहमीची चूक. समोरच्याला आपलं चुकलंय हेच माहीत नसेल तर ते वाक्य त्याला थपडेसारखं लागतं, आणि माहीत असेल तर मोठेपणा मिरवल्यासारखं वाटतं. मार्क ११:२५मध्ये येशू म्हणतो, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. त्या वचनात दुसरा माणूस हजरही नाही.

पायरी ६: आठवण परत आली तर

ती परत येणारच. बांगड्यांचं दुकान दिसलं, कुणी ‘तुमचा दादा फार चांगला हो’ म्हटलं, की सगळं वर येतं. क्षमा खोटी होती असा निष्कर्ष काढू नका. ठरवणं एका दिवसात होतं, मन मागून येतं आणि कधी कधी फार मागून येतं. साताच्या सत्तर वेळा या शब्दांचा एक उपयोग इथेही आहे: एकाच अपराधाची आठवण जितक्या वेळा येईल तितक्या वेळा तेच देणं पुन्हा सोडायचं.

करायचं ते इतकंच. आठवण आली की थांबा, प्रसंगाचं नाव घ्या (‘ऑपरेशनचा दिवस’), म्हणा ‘हे मी प्रभूच्या हाती दिलंय’, आणि हातातल्या कामाकडे वळा. मनात वाद घालू नका. ‘तेव्हा मी असं म्हणायला हवं होतं’ या संवादाला एकदा सुरुवात झाली की अर्धा तास जातो. पहिले काही आठवडे आठवणी वाढल्यासारख्या वाटतात, कारण दाबलेलं पहिल्यांदाच वर येतं. पण त्या वाढतच राहिल्या तर पान पुन्हा उघडा. एखादा रकाना अर्धवट राहिलेला सापडतो, किंवा नवीन काहीतरी घडलेलं असतं जे अजून लिहिलेलंच नाही.

प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ इथे आलात की क्षणभर थांबून त्या एका माणसाचं नाव मनात घ्या. प्रार्थना रोजची आहे, त्यामुळे सराव वेगळा लावून घ्यावा लागत नाही.

पायरी ७: त्याच्यासाठी काही मागा

लूक ६मध्ये येशू निंदा करणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगतो. ‘प्रभू, त्याला अक्कल दे’ ही प्रार्थना धरत नाहीत. त्याला खरोखर हवं असेल असं एक काही मागा: त्याच्या मुलीची नोकरी, त्याचा मणक्याचा त्रास, त्याच्या शेताला पाणी. रोज एक मिनिट पुरे. मुदत लागत असेल तर उपवासकाळ उत्तम. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत रविवार वगळून चाळीस दिवस होतात. पहिल्या आठवड्यात शब्द तोंडात कोरडे वाटतील. कोरडेच म्हणा.

यापुढचं पाऊल म्हणजे एखादी छोटी कृती. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल भुकेल्या वैऱ्याला खायला घालायला सांगतो, तो सल्ला त्याने नीतिसूत्रांतून घेतलाय. दादाच्या मुलीला वाढदिवसाचा फोन, एवढीही कृती पुरते. मात्र ज्याच्यापासून जिवाला धोका आहे त्याच्या बाबतीत प्रार्थनेपाशीच थांबा. संपर्क करू नका.

समेट हे दुसरं काम आहे

क्षमा एकट्याने होते, समेटाला दोघं लागतात. हे दोन्ही एकच समजल्यामुळे पुष्कळ माणसं एकतर घाईने परत जाऊन पुन्हा मार खातात, किंवा ‘परत जावं लागेल’ या भीतीने क्षमाच करत नाहीत. लूक १७:३ म्हणतं: भावाने अपराध केला तर त्याला दोष दाखव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. हे वचन आणि मार्क ११:२५ एकत्र वाचा. मनातला दावा आपण प्रार्थनेत सोडतो. नातं पुन्हा जुळायला मात्र समोरच्याचा पश्चात्ताप लागतो.

योसेफाची कथा उत्पत्ती ३७ ते ५० नीट वाचली तर हे फार स्पष्ट दिसतं. भावांनी त्याला चांदीच्या वीस नाण्यांना विकलं. वीसेक वर्षांनी तो मिसरात (इजिप्तमध्ये) मोठा अधिकारी असताना ते धान्यासाठी समोर येतात, तेव्हा तो लगेच ओळख देत नाही. त्यांच्यातल्या शिमोनाला ठेवून घेतो, धान्याच्या गोण्यांत त्यांचे पैसे परत टाकतो, धाकट्या बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला लपवतो. या कृतींना सूड म्हणणं बरोबर वाटत नाही, कारण अधूनमधून तो बाजूला जाऊन रडतो. धाकट्या भावाला हे पुन्हा विकतात का, ते त्याला पाहायचं असावं. भावांपैकी यहूदा म्हणतो, याच्या जागी मला गुलाम ठेवा, तेव्हा कुठे योसेफ ओळख देतो. आणि पुढची गोष्ट: त्यांचे वडील याकोब मिसरात सतरा वर्षं राहून वारल्यावर भावांना पुन्हा भीती वाटते की आता हा आपल्याला बघून घेईल. सतरा वर्षं योसेफाने पोसलं, तरी क्षमा त्यांच्या मनात मुरली नव्हती. दुसऱ्याच्या मनाचा वेग आपल्या हाती नसतो.

प्रत्यक्ष बोलायला जायचं असेल तर मत्तय १८:१५ ते १७चा क्रम धरा. आधी दोघांनीच, एकांतात. त्याने ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत घेऊन. मग मंडळी. आपल्याकडे हा क्रम हमखास उलटा होतो: आधी सगळ्या मंडळीला कळतं, मग पाळकांना, आणि ज्याने दुखावलं त्याला शेवटी.

जाण्यापूर्वी लिहिलेल्या पानातून एकच मुद्दा घ्या. मेसेजवर भांडणाचा मजकूर लिहू नका, फक्त वेळ ठरवा: ‘दादा, रविवारी उपासनेनंतर अर्धा तास बोलायचंय, येऊ का?’ बसल्यावर आधी तिसऱ्या रकान्यातलं स्वतःचं सांगा: ‘वहिनीबद्दल मी माहेरी वाईट बोलले, ते चुकलं माझं.’ मग: ‘ऑपरेशनच्या दिवशी तू फोन उचलला नाहीस आणि मामांना वेगळं सांगितलंस, ते मला फार लागलं.’ ‘तू नेहमीच’ आणि ‘तू कधीच’ ही दोन शब्दांची जोडी तोंडातून जाऊ देऊ नका. ती गेली की दादा अपवाद शोधायला लागतो आणि मुद्दा बुडतो. मग गप्प बसा. त्याला बोलू द्या. कदाचित त्या सकाळी काय झालं होतं ते तुम्हाला पहिल्यांदाच कळेल. कदाचित तो उठून निघून जाईल. तुमच्याकडून होईल तितकं करा, असं पौलाने रोमकरांस म्हटलंय. सगळं तुमच्याच हाती आहे असं त्याने म्हटलेलं नाही.

भरवसा परत देताना थोडा थोडा द्या. पश्चात्ताप खरा असेल तर त्याची घाई नसते. ‘क्षमा केलीस ना, मग आता आधीसारखं वाग’ असा तगादा लावणाऱ्याला आपल्या वागण्याची किंमत अजून कळलेली नाही.

क्षमा आणि कोर्ट

विश्वासणाऱ्यांनी एकमेकांवर खटले भरू नयेत, असं पौल १ करिंथ ६मध्ये सांगतो. ते आपसांतल्या देण्याघेण्याच्या वादांबद्दल आहे. जमिनीची वाटणी, घराचा हिस्सा यांसाठी आधी मंडळीतल्या दोन जाणत्या माणसांना बसवा. जे ठरेल ते लेखी करा आणि वकिलाच्या नजरेखालून घाला. गुन्ह्याची गोष्ट वेगळी. रोमकरांस १३मध्ये तोच पौल शासनकर्त्यांना वाईट करणाऱ्याला शिक्षा देणारे देवाचे सेवक म्हणतो.

आपल्याच देशातली दोन उदाहरणं यासाठी माहीत असावीत. २२-२३ जानेवारी १९९९च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेले असताना जाळले गेले. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि बारिपदाच्या कुष्ठरोग्यांची सेवा आणखी काही वर्षं चालू ठेवली. खटला मात्र थांबला नाही. मुख्य आरोपीची जन्मठेप २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम केली. क्षमा आणि न्यायालय दोन्ही आपापल्या जागी राहिले.

दुसरं उदाहरण मध्य प्रदेशातलं. सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी हत्या झाली. त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२मध्ये तुरुंगात जाऊन मारेकरी समुंदर सिंगला राखी बांधली. २०१७मध्ये इंदूरला राणी मारिया यांना ‘धन्य’ (कॅथलिक चर्चमधली संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. हत्येपासून राखीपर्यंत सात वर्षं गेली, हेही लक्षात घ्या. आपल्याला आठवड्यात जमलं नाही म्हणून खचू नये.

अडतं कुठे, आणि काय करावं

कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला (फादरांपुढे पापांची कबुली द्यायला) जाताना स्वतःचा द्वेष सांगा, नवऱ्याची पापं सांगू नका. फादरांना कबुलीतलं बाहेर सांगता येत नाही, त्यामुळे तिथे आडपडदा ठेवायचं कारण नाही. प्रॉटेस्टंट मंडळीत प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) आधीच्या आत्मपरीक्षणाला तिसरा रकाना डोळ्यांसमोर ठेवा. मनात राग शिल्लक आहे म्हणून महिनोन्महिने प्रभुभोजन टाळणारे लोक आहेत. राग सोडायची इच्छा असेल तर या, तिथे त्याचसाठी बोलावलंय.

ज्याने दुखावलं तो वारलाय? पान तसंच लिहा, त्याला उद्देशून पत्र लिहा, विश्वासातल्या माणसासमोर वाचा आणि पाचव्या पायरीची प्रार्थना करा. कबरीवर जाऊन वाचायचं असेल तर वाचा. मेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये या धाकाने बापाच्या दारूबद्दल आयुष्यभर गप्प राहिलेल्यांना याचा विशेष उपयोग होतो.

दुखावणारे पाळक किंवा चर्चमधलेच पुढारी असतील तर मंडळीबाहेरची वडीलधारी व्यक्ती निवडा. मंडळी बदलणं हा क्षमा न करण्याचा पुरावा नाही.

पान पूर्ण झाल्यावर त्याचं काय करायचं, हेही लोक विचारतात. पोलिसात किंवा कोर्टात उपयोगी पडेल असं काही त्यात असेल तर तारखा आणि घटना वेगळ्या कागदावर उतरवून जपून ठेवा. बाकीचं फाडा. कपाटात ठेवलेलं पान पुढच्या भांडणात बाहेर निघतं.

आपणच देणेकरी असलो तर

तिसरा रकाना लिहिताना हे बहुतेकांच्या लक्षात येतं. मत्तय ५:२३-२४ सांगतं: वेदीपाशी दान आणलंय आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी समेट कर. इथे जायचं काम आपलं आहे.

‘माझं काही चुकलं असेल तर माफ कर’ असं म्हणू नका. त्यात चूक समोरच्याने शोधायची असते. काय केलं ते सांगा, त्याने काय झालं असेल ते सांगा, कारणं देऊ नका. आणि भरपाई करा. येशूला भेटल्यावर जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं. पैसे घेतले असतील तर परत द्या, जमत नसेल तर हप्ते ठरवून द्या. ज्यांच्यासमोर बदनामी केली त्यांच्यासमोरच ती दुरुस्त करा. शेवटी ‘मला क्षमा करशील का?’ एवढं विचारा आणि उत्तराची वाट पाहा. तो ‘विचार करतो’ म्हणाला तर त्याला वेळ द्या, आणि महिने गेले तरी आठवण करून देणारा मेसेज पाठवू नका.